शनिवारचं स्टोअर

नागपूर, ११ जून १९८४

मामा,

नमस्कार. गुडघ्याचं आधी विचारायला हवं, पण ते विचारलं की तुम्ही दोन पानं गुडघ्यावरच लिहिता, म्हणून कामाचं आधी.

तुमच्या जुन्या कारखान्याच्या स्टोअरसाठी आम्ही केलेला प्रोग्रॅम बुडाला. तुम्ही निवृत्त होताना कॉम्प्युटर सेक्शनला जी कार्यपद्धतीची पुस्तिका देऊन गेलात, तिच्याप्रमाणे सगळं केलं होतं. विणकामाच्या मागाच्या आठ हजार सुट्या भागांपैकी कोणता कुठे आहे, किती आहे, कोणाला कधी द्यायचा, हे सगळं आधी लिहून काढलं. आठ महिने लागले आणि तीनशे चाळीस पानं झाली. सात खात्यांच्या सात सह्या घेतल्या. सह्या झाल्यावर नियमाप्रमाणे ती पानं कपाटात कुलूपबंद झाली. मग चौदा महिने आम्ही प्रोग्रॅम लिहिला आणि स्टोअरमध्ये दाखवायला नेला. तोवर तिथले रॅक हलले होते आणि नव्या मॉडेलचा माग निघाला होता. आमच्या पडद्यावर जे स्टोअर होतं ते दोन वर्षांपूर्वीचं. व्यवस्थापक गोपाळराव म्हणाले, "सह्या तर तुमच्याच लोकाईच्या हायेत." सगळे आपापली सही बघत बसले. आता स्टोअरवाल्यांनी कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर कापड घातलंय आणि त्यावर जेवणाचे डबे ठेवतात.

गोपाळरावांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर स्टोअरचं काम चाललं नाही तर ते मुंबई ऑफिसला जाईल, आमचा सेक्शन बंद होईल आणि आम्हा आठ जणांच्या बदल्या होतील. या वेळी काम माझ्याकडे आहे. मी ठरवलंय की थोडंसंच करायचं, शनिवारी स्टोअरमध्ये नेऊन दाखवायचं, ते नावं ठेवतील ती ऐकायची, बदलायचं, पुढच्या शनिवारी पुन्हा न्यायचं. जाड पोथी नाही आणि कुलूपही नाही.

तुमचा फॉर्म अकरा मात्र आडवा येतो. कोणताही बदल तोंडी सांगितला तर तो धरायचा नाही, सांगणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार हवेत, असा तो नियम. एवढा कडक नियम का केला होतात?

मी तुमची भाची आहे हे इथे कोणाला सांगितलेलं नाही. उगाच वशिला म्हणायचे.

देवकी


रामटेक, १७ जून १९८४

चि. देवकी,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहीत नाही. संदर्भ: तुझं ११ तारखेचं पत्र. गुडघा जैसे थे.

एक. प्रोग्रॅम बुडाला तो पुस्तिकेमुळे नव्हे. सह्या करणाऱ्यांनी पानं वाचली नाहीत. मी बारा वर्षं तो सेक्शन चालवला आणि न वाचता सही करणारे किती असतात ते मला ठाऊक आहे. त्याला पुस्तिका काय करणार?

दोन. दर शनिवारी अर्धवट काम घेऊन लोकांपुढे जाणं हे मला पाहुण्यांना कच्चा भात वाढण्यासारखं वाटतं.

तीन. फॉर्म अकरा. तू अजून चौकशी पाहिलेली नाहीस. कारखान्यात चूक झाली की चौकशी लागते. चौकशीत पहिला प्रश्न येतो, हे कोणी सांगितलं? तिथे ज्याच्यापाशी कागद असतो तो सुटतो आणि ज्याच्यापाशी नसतो तो जातो. मला तुझी पद्धत कळत नाही असं समजू नकोस. मला ती चांगली कळते. म्हणूनच सांगतो, फॉर्म अकरा सोडू नकोस.

तुझ्या आईला सांग, आंब्याचं लोणचं मिळालं. मीठ जास्त आहे.

वामनमामा


नागपूर, ९ जुलै १९८४

मामा,

आई म्हणते, मीठ बरोबर आहे, तुमचं तोंड बिघडलंय.

चार शनिवार झाले. तुमच्या कच्च्या भाताला अजून कोणी तोंड लावलेलं नाही. अडचण एकाच माणसाची आहे आणि तोच माणूस मला हवा आहे. स्टोअरमध्ये चंपतराव म्हणून आहेत, निवृत्तीला आठ महिने उरलेत. आठ हजार भाग त्यांना तोंडपाठ आहेत. कामठीचा मागवाला नुसता तुटका तुकडा घेऊन आला तरी ते रॅक न बघता नंबर सांगतात. बाकी सगळे मला म्हणतात, चंपतरावांना विचारा. आणि चंपतराव म्हणतात, "मले तोंडी काही इचारू नका, मॅडम. लिहून आणा. मी लिहून देतो, सही करतो. तोंडी मी कोणाले काही सांगत नाही."

मी लिहून नेलं. त्यांनी चार दिवसांनी उत्तर दिलं, नऊ शब्दांचं, खाली सही आणि तारीख. या वेगाने दिवाळी दहा वर्षांनी येईल. "एवढं काहून भेता?" असं मी हसत विचारलं तर ते उठून रॅकांमागे गेले आणि मी जाईपर्यंत आलेच नाहीत. हट्टी माणूस आहे. मला वाटतं, कॉम्प्युटर आला की आपली किंमत जाईल अशी त्यांना धास्ती असावी.

ते तुमच्या काळातले असतील. तुम्ही ओळखता का त्यांना? काय केलं तर ते बोलतील?

देवकी


रामटेक, १५ जुलै १९८४

चि. देवकी,

पत्र मिळालं. इथे धानाची रोवणी सुरू झाली आहे. समोरच्या शेताच्या बांधीत बाया दिवसभर चिखलात असतात आणि मी ओसरीवर बसून त्यांना बघतो, एवढंच काम. गडावर जाणं गुडघ्यामुळे बंद आहे. मागच्या खोलीच्या छपराची कवेलू बदलून घेतली. कवेलू फेरणारा म्हणाला, मजुरी दुप्पट झाली. मी म्हटलं, पाऊसही दुप्पट आहे.

तुझ्या आईने पाठवलेला स्वेटर जुलैत कशासाठी, हे विचारून ठेव.

माणूस बोलत नसेल तर त्याला बोलायला लावू नये. लिहून दे, लिहून घे. वेळ लागला तर लागू दे.

वामनमामा


नागपूर, ६ ऑगस्ट १९८४

मामा,

तुमच्या पत्रात कवेलू आली, रोवणी आली, स्वेटरही आला. माझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं. असो, आता त्याची गरज उरली नाही.

चंपतराव बोलायला लागले आणि ते माझ्या चुकीमुळे. एकविसाव्या तारखेच्या शनिवारी मी टर्मिनलवर नवा पडदा दाखवत होते, त्यात घाईघाईत मागाच्या धोट्यांचे रॅक फण्यांच्या जागी पडले होते. चंपतराव दुरून बघत होते. पाच मिनिटं त्यांनी दम धरला. मग आले, टर्मिनलवरचे डबे स्वतः उचलून बाजूला ठेवले आणि म्हणाले, "हे काय करून ठेवलं वं बाई? धोटा इथं कधी होता? हा माल कोणी असा मांडते का?" आणि तासभर बोलायचे थांबले नाहीत.

मामा, कोरं पान पुढे ठेवून "तुम्हाला काय हवं?" विचारलं तर माणूस गप्प बसतो. चुकीचं काही पुढे ठेवलं तर त्याच्याने राहवत नाही. तुमच्या पुस्तिकेत हे कुठेच नाही. पुढच्या दोन शनिवारी मी मुद्दाम एखाददोन चुका ठेवून नेल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी ओळखलं. "हे तं तुम्ही जाणून केलं," म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

आता शनिवारची वाट तेच बघतात. त्यांनी सांगावं, मी वहीत टिपावं, सोमवारी बदल चालू व्हावा, असं चाललंय. स्टोअरमधले बाकीचेही खुर्च्या ओढून बसतात. फॉर्म अकरा मी बासनात बांधून ठेवलाय.

आपण दिवाळी गाठू असं आज पहिल्यांदा वाटलं. मला फार बरं वाटतंय.

देवकी


रामटेक, १४ ऑगस्ट १९८४

चि. देवकी,

तुला बरं वाटतंय हे वाचून मला बरं वाटलं. तरी एक सांगतो आणि ते गमतीत घेऊ नकोस. ते बोलतात तेव्हा तू टिपतेस ना, ते टिपलेलं त्यांना त्याच जागी वाचून दाखव. सगळं. "पण" म्हणून ते जे जोडतील तेही. सही नको असेल तर नको घेऊस, पण वाचून दाखव.

चंपतराव चुकीचं सांगत नाहीत. ऐकणारा अर्धं टिपतो.

वामनमामा


नागपूर, २० सप्टेंबर १९८४

मामा,

वाईट झालंय. थोडक्यात लिहिते.

महिन्याभरापूर्वी चंपतराव म्हणाले होते, ४१२ नंबरचं दातेरी चाक संपलं तर ४१८ द्यायचं, चालतं. मी टिपलं आणि सोमवारी बदल चालू केला. गेल्या पंधरवड्यात ४१२ संपलं. प्रोग्रॅमने आपोआप ४१८ लिहिलं आणि डिस्पॅचने बुऱ्हाणपूरला साठ मागांची चाकं पाठवली. ४१८ जुन्या मागाला बसतं. नव्या मॉडेलचा दांडा जाड आहे, त्याला बसत नाही. बुऱ्हाणपूरचे सगळे माग नवे आहेत आणि आज आठ दिवस ते बंद आहेत. तिथून तारेवर तारा येतायत.

सोमवारी, २४ तारखेला गोपाळरावांच्या केबिनमध्ये चौकशी आहे. चंपतरावांनी "फक्त जुन्या मागाला" असं म्हटलं होतं का, ते मला खरंच आठवत नाही. माझ्या वहीत नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वाचून दाखवलं असतं तर कळलं असतं. त्या दिवशी घाई होती, मी दाखवलं नाही.

चंपतराव पुन्हा गप्प झालेत. मी गेले की रॅकांमागे जातात. सेक्शनमधले लोक म्हणतात, तुला काय भीती, त्यांनी सांगितलं म्हणून केलं असं सांग, खरं तेच तर आहे. आणि ते खरंच आहे, मामा. त्यात खोटं काहीच नाही. पण निवृत्तीला सहा महिने राहिलेल्या माणसावर ठपका आला तर त्यांना मिळालेली बढती काढून घेतील, पगार उतरेल, आणि पेन्शनवर ते आयुष्यभर राहील.

तुम्ही त्यांना ओळखता. "चुकीचं सांगत नाहीत" असं अनोळखी माणसाबद्दल कोणी लिहीत नाही. मी सोमवारी काय सांगू?

देवकी


रामटेक, २२ सप्टेंबर १९८४

देवकी,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. शेजारचे दादाजी उद्याच्या एस.टी.ने नागपूरला इतवारीत येत आहेत, ते घरी आणून देतील.

सन १९६७. कॉम्प्युटर नव्हता, पंच कार्डांचं यंत्र होतं आणि ते माझ्याकडे होतं. पुस्तिका नव्हती. मी संध्याकाळी स्टोअरमध्ये जाऊन चंपतरावांजवळ स्टुलावर बसायचो. ते सांगायचे आणि मी दुसऱ्या दिवशी कार्डांत बदल करायचो. तू जे करतेस तेच, फक्त आम्ही त्याला काही नाव दिलं नव्हतं. मला त्या कामात जेवढा आनंद झाला तेवढा पुढे कधी झाला नाही.

एकदा त्यांनी एका भागाच्या बदली दुसरा भाग सांगितला आणि लगेच म्हणाले, "पण फक्त पट्ट्याच्या मागाले." मी ते ऐकलं. कार्डावर ऐंशी रकाने असतात आणि त्या कार्डाचे ऐंशीच्या ऐंशी भरले होते. अट घालायची तर नवीन कार्ड आखावं लागलं असतं आणि चार हजार कार्डांना पुन्हा छिद्रं पाडून घ्यावी लागली असती. मी अट सोडून दिली. म्हटलं, बघू पुढे.

माल चुकला. अकरा दिवस एका गिऱ्हाइकाचे माग बंद राहिले. चौकशी झाली. तेव्हाच्या व्यवस्थापकांनी मला विचारलं, हे कोणी सांगितलं? मी म्हणालो, चंपतरावांनी. तेवढंच. त्यात खोटं काहीच नव्हतं. चंपतराव म्हणाले, "साहेब, मी अट सांगितली होती. वामनरावाले इचारा." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

त्यांची सुपरवायझरची जागा गेली आणि तीन वर्षं त्यांना बडनेऱ्याच्या डेपोला घातलं. ते परत आले तोवर मी सेक्शनप्रमुख झालो होतो. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पुस्तिका मी त्याच वर्षी लिहिली. पुन्हा कोणी गरीब तोंडी बोलून अडकू नये म्हणून लिहिली, असं मी सतरा वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. पुन्हा मला तसा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून लिहिली. सात सह्या घेतल्या की कोणालाच काही बोलावं लागत नाही.

मला लाज वाटते. हे लिहायला एवढी वर्षं लागली त्याची जास्त वाटते.

सोमवारी काय सांगायचं ते मी तुला सांगणार नाही, तो अधिकार मला नाही. मी काय केलं तेवढं तुला माहीत असावं. हे पत्र तुझं आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव.

वामन


नागपूर, २७ सप्टेंबर १९८४

मामा,

तुमचा फार राग आला होता. अजून पूर्ण गेलेला नाही. रविवारी पत्र वाचलं आणि आईशीही बोलले नाही.

सोमवारी केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. चंपतराव दाराजवळ उभे होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. गोपाळरावांनी विचारलं, "चारशे बाराच्या बदली चारशे अठरा, हे कोणी सांगितलं होतं?" प्रश्न तोच, तुमच्या पत्रातला. मी म्हटलं, "सांगितलं कोणीही असो साहेब, ऐकून घ्यायचं काम माझं होतं. त्याला काही अट आहे का, हे मी विचारलं नाही. टिपलेलं वाचून दाखवलं नाही. बदल चालू मी केला. चूक माझी आहे."

गोपाळरावांनी पेन उघडलं. तेवढ्यात चंपतराव पुढे आले. म्हणाले, "साहेब, अट मी सांगितलीच नव्हती. या बाईचा काही दोष नाही. या वेळेस मी इसरलो. मागच्या वेळेस सांगितली होती."

गोपाळराव चिडले. "मागच्या वेळेस म्हंजे कवा गा? काय बोलून राहिला तू?" ते पंच्याहत्तर साली आले, त्यांना काय कळणार. केबिनमध्ये चंपतरावांचं ते वाक्य मला एकटीला कळलं आणि मला माझे हात कुठे ठेवावे ते सुचेना.

एका चुकीला दोन दोषी म्हटल्यावर गोपाळरावांची पंचाईत झाली. चौकशीच्या कागदावर नाव लिहायला रकाना एकच आहे. त्यांनी पेन मिटलं आणि विचारलं, "दुरुस्त व्हायले किती दिवस लागन?" मी म्हटलं, अर्धा तास. त्यांना ते पटेना. ते स्वतः आमच्याबरोबर स्टोअरमध्ये आले. चंपतराव टर्मिनलसमोर बसले, एकेक करून बदली भाग सांगत गेले, प्रत्येकाची अट सांगत गेले, आणि मी प्रत्येक ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. एकतीस निघाले. त्यांतल्या आणखी तीन भागांच्या अटी माझ्या वहीत नव्हत्या. गोपाळराव उभ्याने बघत होते. जाताना म्हणाले, "शनिवारी मी बी येतो." मला लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या फायलीत लागली. चंपतरावांच्या फायलीत काही लागलं नाही. ४१२ नंबरची नवी चाकं तयार होऊन काल बुऱ्हाणपूरला रवाना झाली.

सगळे गेल्यावर चंपतरावांनी विचारलं, "असं आपल्या अंगावर काहून घेतलं? तुम्हाले कोणी शिकवलं हे?" तेव्हा मी सांगितलं की मी वामनरावांची भाची आहे. ते हळूच म्हणाले, "ते तं त्या दिवशी काहीच बोलले नव्हते."

मी तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं. तुम्हाला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. त्यांनी चष्मा लावला, खिडकीपाशी जाऊन वाचलं, आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मला वाटलं रागावतील किंवा रडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. एवढंच विचारलं, "हे मी घरी नेऊ का? बायकोले वाचून दाखवतो. बडनेऱ्याले तिनं लई सोसलं. मी सांगत होतो का चूक माही नाही, पण तिले आजवर माहीच वाटते."

मी हो म्हटलं. सुट्टी व्हायला तास होता, तरी ते तसेच निघाले. मी त्यांना गेटपर्यंत सोडून आले.

देवकी